गोड लागणाऱ्या पाण्यातला धोका

पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की ते तसेच पिऊ नये, हे आता गावोगावी ठाऊक आहे. कुणी गाळून घेते, कुणी उकळते, ग्रामपंचायत ब्लीचिंग पावडर टाकते. पण पाणी नितळ असेल, वास येत नसेल, चवीला गोड लागत असेल आणि त्यात डाळही चटकन शिजत असेल, तर त्यावर संशय कोण घेणार? यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत नेमक्या अशाच पाण्याने मुलांचे दात तपकिरी केले आणि मोठ्यांचे सांधे आखडवले. त्याचे कारण पाण्यात विरघळलेले फ्लोराइड.

फ्लोराइड हे काही परके विष नाही. खडकांत, मातीत, चहाच्या पानांत ते असतेच. अगदी थोड्या प्रमाणात ते दात किडण्यापासून वाचवते, म्हणून टूथपेस्टमध्येही घालतात. प्रश्न प्रमाणाचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा कोणताच स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही 1.5 मिलिग्रॅमच आहे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम फ्लोराइड असेल तर ठीक, दोन ग्रॅम झाले तर धोका. इतका बारीक फरक जिभेला कळणे शक्य नाही.

दात सांगतात मागची वर्षे

फ्लोराइडची पहिली खूण दातांवर उमटते. कायमचे दात हिरडीखाली तयार होत असतात ती वये म्हणजे जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत. या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दाताचे वरचे कवच नीट घडत नाही. आधी त्यावर खडूसारखे पांढरे ठिपके आणि रेघा दिसतात, पुढे पिवळे-तपकिरी आडवे पट्टे येतात. कितीही घासले तरी हे डाग जात नाहीत, कारण ते दातावर बसलेले नसून दातातच असतात. मूल दात घासत नाही म्हणून त्याला रागावणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना हे माहीत असायला हवे.

आठ वर्षांनंतर नवीन पाणी मिळाले तरी जुने डाग तसेच राहतात. त्यामुळे शाळेतल्या मुलांचे दात म्हणजे त्या गावाने मागची काही वर्षे कोणते पाणी प्यायले याची नोंदच असते. डागांची तीव्रता मोजण्यासाठी संशोधक आजही डीन निर्देशांक नावाची पद्धत वापरतात.

दातांवर थांबले तर नुकसान दिसण्यापुरते म्हणता येईल. पण लिटरमागे 3 ते 6 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायले तर ते हाडांत साठत जाते. मान, कंबर, गुडघे दुखू लागतात. हा त्रास सांधेदुखीसारखाच असल्याने बऱ्याचदा वयाचा किंवा कष्टाचा म्हणून सोडून दिला जातो. प्रमाण 10 मिलिग्रॅमच्या वर असेल तर पाठीचा कणा ताठ होऊन माणूस कायमचा अधू होऊ शकतो. हाडांतला हा बिघाड औषधाने पूर्ववत होत नाही.

उष्ण प्रदेशात ही गोष्ट आणखी गंभीर होते. मे महिन्यात विदर्भात शेतावर राबणारा माणूस दिवसाला पाच-सहा लिटर पाणी सहज पितो. लिटरमागे 3 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर दिवसाला 15 ते 18 मिलिग्रॅम फ्लोराइड त्याच्या पोटात जाते. थंड हवेत दोन लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात त्याच पाण्यातून फक्त 6 मिलिग्रॅम जाते. आहारात कॅल्शियम कमी असेल तर परिणाम आणखी वाढतो. म्हणून एकाच हापशावर पाणी भरणाऱ्या दोन घरांत त्रास सारखा दिसेलच असे नाही. दूध, भाजी आणि डाळ ज्या ताटात कमी, तिथे तो आधी दिसतो.

कोलोरॅडोपासून नेल्लोरपर्यंत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्स या गावात फ्रेडरिक मॅके हे दंतवैद्य आले. तिथल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून ते चक्रावले. कारण पाण्यात असावे असा त्यांना संशय होता, पण त्या काळच्या नेहमीच्या तपासणीत काहीच सापडत नव्हते. अखेर 1931 मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने अधिक बारीक विश्लेषण केले आणि फ्लोराइड हाती लागले.

भारतात 1937 मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यातील या आजाराची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. ती करणाऱ्यांत डॉ. चिंतामण गोविंद पंडित होते. पुढे ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. तिथल्या लोकांचे आखडलेले कणे आणि डागाळलेले दात यांचा संबंध विहिरीच्या पाण्याशी आहे, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

खोल गेलो, खडकाला भिडलो

महाराष्ट्रातल्या या प्रश्नाला दुष्काळाचीही पार्श्वभूमी आहे. 1972 च्या दुष्काळात विहिरी आटल्या. उघड्या विहिरींच्या पाण्यातून पटकी आणि हगवणीची भीती होतीच. खोल विंधण विहीर आणि तिच्यावर हातपंप हा त्यावरचा उत्तम उपाय ठरला. सोलापूर आणि जालना येथे घडवलेल्या पंपांच्या अनुभवातूनच पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. या हापशांनी असंख्य जीव वाचवले, याबद्दल शंका नाही. जंतूंच्या दृष्टीने खोलवरचे पाणी खरोखरच अधिक सुरक्षित होते. मात्र खोलवरच्या खडकातून पाण्यात काय उतरते, याची तपासणी तेव्हा सगळीकडे झाली नाही.

पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसते. ते जमिनीत मुरते आणि खडकांच्या फटींतून वाहत राहते. ग्रॅनाइटसारख्या खडकात फ्लुओराइट, अपेटाइट, काळा अभ्रक अशी फ्लोराइड धरून ठेवणारी खनिजे असतात. पाणी या खडकाजवळ जितका जास्त काळ थांबते, तितके जास्त फ्लोराइड त्यात उतरते. उथळ विहिरीतले पाणी दर पावसाळ्यात नवे होते. खोल बोअरचे पाणी मात्र बरीच वर्षे खडकात मुरलेले असू शकते.

गोड पाण्याचे कोडेही इथेच सुटते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवते आणि पाण्यातले फ्लोराइड मर्यादेत राहते. अशा पाण्याला आपण जड म्हणतो. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो. उलट कॅल्शियम कमी, सोडियम जास्त आणि गुण अल्कधर्मी असेल, तर फ्लोराइडला अडवणारे कुणी नसते आणि ते पाण्यात विरघळलेले राहते. हे पाणी हलके असते, चवीला बरे लागते, स्वयंपाकाला सोयीचे पडते. गावातल्या बाया घागर घेऊन ज्या हापशाकडे आवर्जून जातात, तोच धोक्याचा असण्याची शक्यता म्हणून नाकारता येत नाही.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. पूर्वेकडे, तेलंगणाच्या सीमेलगत किनवटसारख्या भागात जुने ग्रॅनाइट खडक आहेत. पण ‘बेसॉल्ट म्हणजे निर्धोक’ असेही समजता येत नाही. पांढरकवडा भागातल्या भूजलातील फ्लोराइडचा भूशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास 2007 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला आणि या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. एकाच गावात काहीशे फुटांवरच्या दोन स्रोतांत फ्लोराइडचे प्रमाण वेगवेगळे निघू शकते. त्यामुळे ‘आमच्या तालुक्यात नाही’ या वाक्याला फारसा अर्थ राहत नाही. तपासायचा तो प्रत्येक स्रोत.

उकळून उपयोग नाही

अनेकांचा समज असतो की पाणी उकळले की निर्धोक होते. जंतूंसाठी हे खरे आहे. फ्लोराइडसाठी नेमके उलटे घडते. वाफ होऊन पाणी उडते, फ्लोराइड मागे राहते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. ब्लीचिंग पावडर, तुळस, कापडाची गाळणी, साधा मेणबत्तीचा फिल्टर यांपैकी कशानेही फ्लोराइड जात नाही.

ते काढण्याची एक स्वस्त पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने विकसित केली. तिला ‘नळगोंडा तंत्र’ म्हणतात. पाण्यात ठरावीक मात्रेत तुरटी आणि चुना घालून ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी वापरायचे. फ्लोराइड गाळाबरोबर खाली जाते. पण पाण्यानुसार मात्रा बदलते, ती चुकली तर उपयोग होत नाही, आणि फ्लोराइड असलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. दुसरा मार्ग सक्रिय अल्युमिनाच्या गाळणीचा. तिचे दाणे फ्लोराइड धरून ठेवतात, पण ठरावीक काळाने ते भरून जातात. त्यानंतरही पाणी पूर्वीसारखेच नितळ येत राहते. गावात बसवलेले संयंत्र चालू आहे म्हणजे ते काम करते आहे, असे म्हणूनच समजू नये. ‘आरओ’ यंत्र फ्लोराइड काढते, मात्र त्यासाठी वीज, देखभाल आणि वाया जाणारे पाणी यांची किंमत मोजावी लागते.

कायमचा उपाय म्हणजे पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी स्रोतच बदलणे. धरणाचे किंवा नदीचे शुद्ध केलेले पाणी नळाने आणणे, तपासून सुरक्षित ठरलेली उथळ विहीर राखून ठेवणे, छतावरचे पावसाचे पाणी साठवणे हे मार्ग आहेत. आंघोळ, धुणीभांडी आणि गुरांच्या गोठ्याची धुलाई यांसाठी जुना हापसा चालतो. गरज फक्त पोटात जाणारे पाणी वेगळे करण्याची असते. बाळ आणि गरोदर आई असलेल्या घराने हे सर्वांत आधी करायला हवे.

तपासणी अवघड नाही. क्षेत्रीय चाचणी संचात पाण्याच्या नमुन्यात रसायनाचे काही थेंब टाकतात आणि रंग कसा बदलतो यावरून फ्लोराइडचा अंदाज घेतात. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना असा संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. शंका आली तर नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचा. काचेची बाटली टाळावी, कारण फ्लोराइड काचेशी अभिक्रिया करू शकते. जंतूंची चाचणी वर्षातून दोनदा, तर रासायनिक चाचणी किमान एकदा व्हावी, असा दंडक आहे.

येत्या ग्रामसभेत म्हणून एक साधा प्रश्न विचारता येईल: आपल्या गावातल्या प्रत्येक हापशाच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे, आणि ते शेवटचे कधी मोजले? उत्तर आकड्यात आणि तारखेसह मिळायला हवे. ते मिळाले नाही, तर शाळेत जाऊन तिसरी-चौथीच्या मुलांचे दात पाहावेत. पुढचे दात तोवर आलेले असतात.