खेळातील घड्याळ

नाटकाचा पहिला अंक संपतो, पडदा पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा वर जातो. तेवढ्या अवधीत नायकाच्या आयुष्यातील दहा वर्षे उलटलेली असतात. प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटत नाही. कथेतील काळ आणि घड्याळातील काळ एकाच गतीने चालत नाहीत, हे ते जाणून असतात. संगणकावरील कित्येक खेळांतही असाच निराळा काळ असतो. मात्र तेथे तो पडद्याआड उडी घेत नाही. खेळणाऱ्याच्या डोळ्यांदेखत अखंड वाहत असतो.

अमेरिकेतील बेथेस्डा गेम स्टुडिओज या संस्थेने २०११ साली ‘स्कायरिम’ नावाचा खेळ तयार केला. हिमाच्छादित पर्वत, नद्या, नगरे आणि खेडी यांनी भरलेला एक कल्पित देश त्यात आहे. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घ्यावयाची आणि मनाला येईल तिकडे फिरावयाचे. या देशात सूर्य उगवतो व मावळतो. बहुतेक दुकाने सकाळी आठ वाजता उघडतात आणि रात्री आठ वाजता बंद होतात. दिवसभर राबलेली माणसे रात्री घरी जाऊन निजतात.

तेथील काळाची गती एका अंकावर अवलंबून असते. त्यास ‘टाइमस्केल’ म्हणजे कालप्रमाण असे म्हणतात. मुळात हा अंक २० असतो. आपल्या घड्याळात एक मिनिट झाले, की तेथे वीस मिनिटे होतात. म्हणजे तेथील एक तास आपल्या तीन मिनिटांत सरतो आणि संपूर्ण अहोरात्र ७२ मिनिटांत.

काळ एवढ्या घाईने का पळवावयाचा? त्याचे कारण त्या देशाच्या आकारात आहे. तो देश विशाल भासावा अशी योजना असली, तरी प्रत्यक्षात तो लहान आहे. वाटसरू आपल्या अर्ध्या तासात जेवढे अंतर चालतो, तेवढ्यासाठी तेथे दहा तास खर्ची पडतात. पहाटे निघालेला प्रवासी दिवस कलताना मुक्कामी पोहोचतो आणि लहानशी वाट लांब पल्ल्याची वाटते. अंतर आणि काळ ही दोन्ही आखडून घेतल्यामुळे त्यांचा मेळ बसतो.

काही खेळणाऱ्यांना ही गती फार वाटते. संगणकावर खेळताना आज्ञा टंकलिखित करून कालप्रमाण बदलता येते. अंक १० केला, तर दिवस २ तास २४ मिनिटांचा होतो. अंक १ केला, तर तेथील घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालू लागते. पण मग रोज एकच तास खेळणाऱ्याला तेथील एक अहोरात्र पाहण्यास चोवीस दिवस लागतील! दुकान बंद झाल्यावर आलेल्या वाटसरूचे तर फारच हाल व्हावयाचे. सुदैवाने, चोवीस तासांपर्यंतचा काळ एकदम पुढे सारण्याची सोय त्या खेळात आहे.

उलट, अंक १०० केला तर काय होईल? दुकानाचे बारा तास सुमारे सात मिनिटांत संपतील. परंतु माणसांच्या चालण्याची गती मात्र वाढणार नाही. सकाळी घरून निघालेला कारागीर तीन मिनिटे चालून कामावर पोहोचेपर्यंत तेथे पाच तास उलटलेले असतील! औषधांची गोष्टही अशीच आहे. साठ सेकंद गुण देणारे औषध आपल्या घड्याळाप्रमाणे साठच सेकंद टिकते. कालप्रमाण २० असता तेथे त्या अवधीत वीस मिनिटे होतात, १०० असता शंभर.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कालप्रमाण बदलले, तरी त्या जगातील सर्वच व्यवहार त्याबरोबर बदलत नाहीत. काही व्यवहार त्या जगाच्या सूर्याला बांधलेले असतात, तर काही आपल्या घड्याळाला. म्हणून जाणता खेळाडू तो अंक थोडाथोडा बदलतो आणि परिणाम पाहूनच पुढे जातो.

खेळातील सूर्य एका अंकाने मंद करता येतो. पण खेळणाऱ्याच्या खिडकीबाहेरचा सूर्य कोणाचीच आज्ञा ऐकत नाही. तेथील दिवस दुप्पट लांबला, तरी आपल्या संध्याकाळचा एक तास साठ मिनिटांचाच राहतो.