चालणारे, सायकलस्वार आणि सामाईक वाट

नदीकाठ, कालवे आणि उद्याने यांच्या कडेने शहरांत आखलेल्या वाटा मोटारींपासून मुक्त असल्यामुळे सुरक्षित मानल्या जातात. परंतु त्याच वाटेवरून चालणारे आणि सायकलस्वार असे दोघेही जात असतील, तर धोका नाहीसा होत नाही, त्याचे केवळ स्वरूप बदलते. या धोक्याचे मूळ वेगांतील तफावतीत आहे. माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर चालतो, तर सायकल ताशी २० किलोमीटरचा वेग सहज गाठते आणि त्या वेगाने एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. गतिज ऊर्जा, म्हणजे हलत्या वस्तूला गतीमुळे लाभलेली ऊर्जा, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग निम्मा केला की ती एक चतुर्थांशावर येते.

लंडनमधील रीजंट्स कालव्याची वाट या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १८२० मध्ये पूर्ण झालेल्या या कालव्याच्या काठची वाट मुळात बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. आज तीवर फिरायला आलेले वृद्ध, धावणारे तरुण आणि कामावर निघालेले सायकलस्वार यांची दाटी होते. जुन्या पुलांखाली ती अरुंद होते, पलीकडचे दिसत नाही, आणि एका बाजूला पाणी असल्याने रुंदी वाढवणेही कठीण असते. म्हणून तेथे पादचाऱ्याला अग्रक्रम आहे आणि सायकलस्वाराने वेग कमी करावा, अशी अपेक्षा असते. घंटीही दुरूनच वाजवणे इष्ट, कारण अगदी पाठीशी ती वाजली तर दचकलेला माणूस नेमका सायकलीपुढे सरकण्याचा संभव असतो. शिवाय बधिर व्यक्तीला ती ऐकू येत नसल्याने घंटी म्हणजे पुढे जाण्याचा परवाना नव्हे.

जेथे जागा आहे तेथे मात्र केवळ सौजन्यावर विसंबून चालत नाही. तेथे दोघांच्या बाजू वेगळ्या कराव्या लागतात, पण नुसता रंगवलेला पट्टा गप्पा मारत जोडीने चालणाऱ्यांना अडवत नाही आणि अंध व्यक्तीला तो दिसतही नाही. यासाठी ब्रिटनमध्ये विभागलेल्या मार्गांवर उंचवट्यांच्या रेघा असलेल्या फरशा बसवतात. पादचाऱ्यांच्या बाजूला या रेघा आडव्या, तर सायकलींच्या बाजूला उभ्या असतात, त्यामुळे पायाला किंवा पांढऱ्या काठीला आपली बाजू कळते. तेथील शासनाच्या २०२० च्या रचनाविषयक मार्गदर्शिकेने सायकलीला वाहन मानले आणि शहरी रस्त्यांवर पदपथ सामाईक करणे हा शेवटचा पर्याय ठरवला. २०२२ च्या सुधारित वाहतूक संहितेने तर ज्याच्याकडून अधिक इजा संभवते त्याची जबाबदारी अधिक, हे तत्त्व स्पष्ट केले.

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा स्वीकारला, तेव्हा हाच प्रश्न भारतीय परिस्थितीत उभा राहिला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. ती विक्रेते आणि उभ्या दुचाकींनी व्यापली, की पादचारी शेजारच्या सायकल मार्गावर उतरतो आणि सायकलस्वार मुख्य रस्त्याकडे वळतो. त्यामुळे सायकल मार्गाची सुरक्षितता बऱ्याच अंशी शेजारचा पदपथ चालण्याजोगा असण्यावरच अवलंबून राहते.