तळघरात स्टुडिओ उभारताय? आधी एक पावसाळा जाऊ द्या

जाहिरातींचे निवेदन, डबिंग, ऑडिओबुक, गाण्यांचे ध्वनिमुद्रण अशी कामे आता घरबसल्या करता येतात. चांगला मायक्रोफोन, संगणक आणि शांत खोली एवढ्या भांडवलावर हा धंदा सुरू होऊ शकतो. पहिल्या दोन वस्तू बाजारात मिळतात. शांत खोली विकत मिळत नाही. म्हणून जुन्या वाड्याचे तळघर, कोकणात उतारावरच्या घराखालची खोली किंवा इमारतीचे बेसमेंट यांकडे लक्ष जाणे साहजिक आहे.

विचार चुकीचा नाही. तळघराला चहूबाजूंनी माती असते आणि मातीसारखा आवाज अडवणारा दुसरा स्वस्त माल नाही. परंतु हीच माती ओलही आणते. या धंद्यात पैसा बुडतो तो बहुधा येथेच. ओल तशीच ठेवून वर ग्लासवूल आणि प्लायवूड ठोकले की भिंत नजरेआड होते, आत मात्र बुरशी वाढत राहते. ग्लासवूल भिजून खाली बसते, प्लाय फुगते, लाकडाला वाळवी लागते आणि मायक्रोफोन खरखरू लागतो. मग सारे उखडून पुन्हा पहिल्यापासून खर्च!

ओल कोठून येते?

उपाय करण्यापूर्वी कारण शोधावे. एक साधी परीक्षा आहे. हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या भिंतीकडील बाजूस पाणी दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडील बाजूस दिसले तर हवेतील बाष्प थंड भिंतीवर जमते आहे. दोन्ही दुखणी वेगळी आणि त्यांची औषधेही वेगळी.

भिंतीतून ओल येत असेल तर काम बाहेरून सुरू करा. पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायाशी पडते काय? अंगणाचा उतार घराकडे आहे काय? गटार किंवा नळाची जोडणी गळते काय? हे आधी दुरुस्त करावे. नंतरच आतून जलरोधक लेप द्यावा. जुन्या वाड्यातील चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती वर चढते आणि वरच्या मजल्यावर पांढरा खार फुटतो.

दोष हवेतील बाष्पाचा असेल तर पावसाळ्यात दिवसभर झडपा उघड्या ठेवून खोली वाळत नाही, उलट दमट हवा आत येते. त्यासाठी हवेतील ओलावा ओढणारे यंत्र लागते. एक आर्द्रतामापक भिंतीला टांगा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवा.

हे सर्व झाल्यावर जून ते सप्टेंबर भिंती उघड्याच ठेवून पाहा. चार महिने कोरड्या राहिल्या तरच सुताराला बोलवा.

आवाज कसा अडतो?

येथे एक गैरसमज दूर करणे आम्हाला आवश्यक वाटते. अंड्यांचे ट्रे किंवा फोम भिंतीला लावून खोली ध्वनिरोधक होत नाही. फोममुळे आतला आवाज घुमायचा थांबतो, बाहेरचा अडत नाही. आवाज अडतो तो वजनाने. नऊ इंची विटांच्या भिंतीचे वजन एका चौरस मीटरला चारशे किलोच्या आसपास भरते. दोन इंची फोमचे जेमतेम एक-दोन किलो.

म्हणून पूर्ण जमिनीखालच्या भिंतींवर पैसा ओतू नका. आवाज छतातून, दारातून आणि झडपेतून येतो. वरच्या मजल्यावर जाड सतरंजी किंवा गालिचा टाकणे हा पावलांच्या आवाजावर सर्वांत स्वस्त उपाय. खाली छत करायचे तर ते स्लॅबला घट्ट न ठोकता रबराच्या टांगणीवर लोंबते ठेवा, वर ग्लासवूल आणि खाली जिप्सम बोर्डाचे दोन थर द्या. सांगाडा लाकडाऐवजी जस्ती पत्र्याचा असावा आणि भिंतीपासून दोन इंच मोकळा ठेवावा.

दार जड आणि भरीव हवे. त्याहून महत्त्वाच्या त्याच्या फटी. दाराच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग उघडा राहिला तरी ते दार २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही, मग फळी कितीही जाड असो. चौकटीला रबरी पट्टी लावा, उंबरा ठेवा.

जिवाशी खेळ नको

बंद खोलीत माणसाला हवा लागते. ती आत घेणारी नळी वळणावळणाची करून आतून अस्तर दिले की हवा येते, आवाज मंदावतो. ओलसर जागेत विजेसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवेच. साधा फोम लावणे टाळावे. २००३ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइटक्लबमध्ये आवाजासाठी लावलेल्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसे दगावली.

पाण्याचाही धोका आहे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगर भागात एका कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मरण पावले. त्या तळघराला परवानगी वाहने व सामान ठेवण्यापुरती होती, तेथे वाचनालय चालत होते. तेव्हा बेसमेंट कोणत्या कामासाठी मंजूर आहे हे नकाशावर पाहा आणि पाणी तुंबणाऱ्या वस्तीत तळघराचा विचारच सोडा.

शेजाऱ्यांचाही हक्क आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

भांडवल थोडे असणाऱ्याने घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. निवेदनाचे काम तोवर कपड्यांच्या कपाटासमोर, जाड गोधड्या टांगूनही चालू शकते. धंदा त्यावर उभा राहू द्या; तळघर पळून जात नाही.