कुणी जागं आहे का?

जानेवारी २०२१ मधल्या पहिल्याच रविवारी रात्री धुळ्यातल्या एका तरुणाने फेसबुकवर थेट चित्रण सुरू केलं. तो स्वतःला इजा करून घेत होता. पहिली हालचाल झाली ती हजारो मैल दूर, आयर्लंडमध्ये. फेसबुकच्या तिथल्या कर्मचाऱ्यांनी भारतातल्या पोलिसांना कळवलं. निरोप मुंबई पोलिसांच्या सायबर विभागातल्या रश्मी करंदीकर यांच्याकडे आला आणि तिथून धुळ्याचे पोलीस अधीक्षक चिन्मय पंडित यांच्यापर्यंत गेला. पोलीस घरी पोहोचले, तरुणाला रुग्णालयात नेलं आणि तो वाचला.

त्याआधी पाच महिने, ऑगस्ट २०२० मध्ये, अशाच साखळीने आणखी एक जीव वाचवला होता. त्या वेळी खात्याला जोडलेला फोन नंबर दिल्लीतल्या एका महिलेचा निघाला. पोलीस तिच्या दारात गेले तर ती सुखरूप होती. खातं तिचा नवरा वापरत होता आणि तो मुंबईत होता, पण त्याचा पत्ता तिच्याकडे नव्हता. मुंबई पोलिसांनी रात्री उशिरापर्यंत धडपड करून त्याला शोधलं. टाळेबंदीत कमाई आटलेला तो स्वयंपाकी होता आणि घरात तान्हं बाळ होतं.

या दोन्ही घटनांमध्ये यंत्रणेने केलेल्या कामाचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मला मात्र त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. घर, गल्ली, मित्र, नातेवाईक असताना माणूस जगणं असह्य झालं हे अनोळखी डोळ्यांसमोर का मांडतो?

याचं एक उत्तर घरातच आहे. घरात बोललेल्या प्रत्येक वाक्याचे पडसाद उमटतात. आई रडेल, बाबा चिडतील, ‘आम्ही काय कमी केलं तुला’ असं कुणीतरी म्हणेल, मोबाइल काढून घेतील, लग्नाची बोलणी थांबतील. स्पर्धा परीक्षेसाठी बीड-लातूरकडून पुण्यात आलेल्या मुलाने रात्री दोन वाजता घरी फोन केला तर अख्खं घर उठून बसेल, हे त्याला पक्कं माहीत असतं. क्लासची फी कुठून आली हेही माहीत असतं. ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्याच जिवाला घोर लावायचा नाही, म्हणून तो गप्प राहतो. मग पडद्यावर, खरं नाव नसलेल्या खात्यावरून, तो कुणालाही उद्देशून विचारतो, ‘कुणी जागं आहे का?’

जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांनी १९०८ मध्येच परक्या माणसाबद्दल लिहून ठेवलं होतं की, जवळच्यांपासून जपून लपवलेल्या गोष्टी लोक त्याला सहज सांगून टाकतात. रेल्वेच्या डब्यात शेजारच्या प्रवाशाजवळ मन मोकळं केलेल्या कुणालाही हे पटेल. इंटरनेटने ही मोकळीक कित्येक पटींनी वाढवली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये तिची कारणं मांडली. नाव झाकलेलं असतं, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच झेलावं लागत नाही. चेहराच नसल्यामुळे त्यावर नाराजीही उमटत नाही.

परक्याच्या या ताकदीवर एक व्यवस्था उभी केली ती लंडनच्या चॅड व्हारा या धर्मगुरूने. १९३५ मध्ये लिंकनला उमेदवारी करताना त्यांच्यावर चौदा वर्षांच्या एका मुलीच्या अंत्यसंस्काराची वेळ आली. तिला पाळी सुरू झाली होती. हा काहीतरी घाणेरडा आजार आहे असं समजून तिने जीव दिला होता. तिला विचारता येईल असं एकही माणूस नव्हतं. ही गोष्ट व्हारा विसरले नाहीत. २ नोव्हेंबर १९५३ रोजी सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी संकटातल्या माणसांसाठी एक फोन सुरू केला. वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या आणि माणसं प्रत्यक्षच येऊ लागली. बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला, त्यांच्याशी दोन शब्द बोलायला साधे स्वयंसेवक बसत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं की, चहा पिता पिता या साध्या माणसांजवळ बोलून अनेकजण हलके होतात आणि आतल्या खोलीत यायची त्यांना गरजच उरत नाही. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९५४ मध्ये, त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. हीच ‘समॅरिटन्स’ संस्था. १९९४ पासून ती ईमेललाही उत्तरं देते. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली ‘स्नेहा’ किंवा पुण्यातली ‘कनेक्टिंग’ याच वाटेवरच्या संस्था.

परक्याचे दोन शब्द किती लांब पोहोचतात याचा पुरावा सॅन फ्रान्सिस्कोत मिळाला. जेरोम मोटो हे मानसोपचारतज्ज्ञ. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणारे ८४३ जण त्यांनी निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला ठरावीक काळाने छोटी पत्रं जात. तुमची आठवण आहे, बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर लिहा, एवढंच त्यात असे. उपदेश नाही, भेटीची अट नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्येचं प्रमाण लक्षणीय कमी राहिलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिक असताना एका मुलीच्या पत्रांनी मोटोंना आधार दिला होता, त्यातून ही कल्पना सुचली होती.

अशा साध्या शब्दांनी फरक पडतो, कारण निर्वाणीची वेळ अनेकदा फार थोडी असते. ऑस्ट्रियात आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या ८२ रुग्णांच्या अभ्यासात (२००९) जवळपास निम्म्यांनी सांगितलं की, विचार आल्यापासून प्रयत्नापर्यंत दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ गेला. या वेळात कुणी बोलतं ठेवलं तर लाट ओसरू शकते. ज्या दुःखामुळे ती आली ते तिथेच असतं, पण त्यावर इलाज करायला माणूस हयात असतो.

मात्र पडद्यापलीकडे कोण बसलंय हे कळत नाही, आणि इथेच जिवाला धोका आहे. जपानमधल्या झामा शहरात ऑक्टोबर २०१७ मध्ये एका माणसाच्या घरात नऊ जणांचे मृतदेह सापडले. ट्विटरवर ‘मरावंसं वाटतं’ असं लिहिणाऱ्यांना हेरून, सोबत करतो असं सांगून त्याने बोलावलं होतं. त्यांची संमती होती, असा बचाव त्याच्या वकिलांनी केला. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की नवांपैकी एकाचीही संमती नव्हती, मूकसुद्धा नव्हती. मला हा निकाल सर्वांनी लक्षात ठेवावा असा वाटतो. ‘मरायचंय’ लिहिणारा माणूस बहुतेकदा कुणीतरी थांबवावं म्हणून लिहीत असतो. ‘लक्ष वेधून घ्यायला करतोय’ असं म्हणून पुढे सरकणाऱ्यांनी विचार करावा, की लक्ष वेधणं हाच त्याच्यापुढचा शेवटचा मार्ग असेल तर?

या हत्याकांडानंतर जपानच्या सरकारने मार्च २०१८ मध्ये समाजमाध्यमांवरून समुपदेशन सुरू केलं. २०२० मध्ये कोकी ओझोरा या विद्यार्थ्याने ‘आनाता नो इबाशो’ ही चोवीस तासांची चॅट सेवा उभारली. तिची एक युक्ती मला फार आवडते. जपानमध्ये मध्यरात्र असते तेव्हा परदेशात राहणारे जपानी स्वयंसेवक दिवसाउजेडी उत्तरं देतात. पुणे-नाशिकच्या मध्यरात्री न्यू जर्सीत दुपार असते, कॅलिफोर्नियात सकाळ. तिथल्या मराठी मंडळांनी यावर जरूर विचार करावा.

चीनची वाट आणखी वेगळी. नैराश्याने ग्रासलेल्या एका विद्यार्थिनीचा २०१२ मध्ये मृत्यू झाला. वेइबो या समाजमाध्यमावरच्या तिच्या शेवटच्या पोस्टखाली अनोळखी लोक आपापलं दुःख लिहू लागले आणि प्रतिक्रियांचा आकडा दहा लाखांपलीकडे गेला. लोक त्या जागेला ‘झाडाची ढोली’ म्हणतात, गुपित कुजबुजण्याची जागा. अ‍ॅमस्टरडॅममधले संगणकशास्त्रज्ञ ह्वांग झिशेंग यांनी २०१८ पासून तिथलं लिखाण तपासणारी प्रणाली चालवली आणि ती धोक्याची खूण दाखवते तिथे स्वयंसेवक स्वतः संपर्क साधतात.

आता या गर्दीत एक नवा परका आलाय, यंत्र. आठवड्याला चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी सुमारे ०.१५ टक्के लोकांच्या संभाषणात आत्महत्येच्या नियोजनाच्या किंवा हेतूच्या स्पष्ट खुणा दिसतात, असं ओपनएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. ऐंशी कोटी वापरकर्ते धरले तर ही संख्या दहा लाखांवर जाते. यंत्राला झोप येत नाही आणि कंटाळाही येत नाही, पण धुळ्याच्या त्या घराचं दार ठोठावायला माणूसच लागला.

ऐकणाऱ्याचाही विचार करायला हवा. समॅरिटन्सचा स्वयंसेवक पाळी संपल्यावर सहकाऱ्याशी बोलून मनावरचा भार उतरवतो आणि मगच घरी जातो. पहाटे तीनला आपल्या खोलीतून एखाद्या अनोळखी मुलीला धीर देणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला असं कुणी नसतं. ती अचानक उत्तर द्यायची थांबली तर त्याने काय करावं? त्याच्यावर एकट्यावर ही जबाबदारी टाकणं अन्यायाचं आहे.

महाराष्ट्रात हे सारं दूरचं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. बोलण्यात कायद्याची भीती आड येत होती, तीही आता बरीच दूर झाली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलं आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानणारं जुनं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत आलं नाही.

तेव्हा असा मेसेज तुमच्या पडद्यावर आला तर सरळ विचारा, ‘जिवाचं बरं-वाईट करून घ्यायचा विचार येतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. तू कुठे आहेस, जवळ कोण आहे, हे विचारा. ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत’ असलं काही बोलू नका. स्क्रीनशॉट गटांत फिरवू नका. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण त्याच्या जवळचं एखादं माणूस तुम्हाला शोधावंच लागेल. क्षणाचाही अवधी नसेल तर ११२.

एरवी १४४१६, टेली-मानस. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही सेवा चोवीस तास आणि मोफत चालते. मराठीत बोलता येतं, गरज असेल तर समुपदेशक पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. फोन स्वतःसाठीच करायला हवा असं नाही. भावासाठी, हॉस्टेलमधल्या मैत्रिणीसाठी किंवा पडद्यावर नुकत्याच भेटलेल्या कुणासाठी काय करावं, हे विचारायलाही तो करता येतो.