ख्रिस्ती श्रद्धेतील न्याय आणि दया : पाप कोणाचे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पाचवा खंड महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यात ‘द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट’ हे ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवरचे प्रकरण आहे. बाबासाहेबांच्या हयातीत ते छापले गेले नव्हते. ख्रिस्ती धर्माच्या पापकल्पनेवरचा त्यातला आक्षेप अतिशय नेमका आहे. अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याला शिकविण्यात आले की तुझी अवनती तुझ्या कर्मामुळे झाली. तो ख्रिस्ती झाला तेव्हा त्याला शिकविण्यात आले की ती आदिपुरुषाच्या पापामुळे झाली. दोन्हीकडून त्याला सुटका नाही. समाजशास्त्र सांगते की प्रतिकूल परिस्थिती माणसाला खाली ओढते. ही शिकवण सांगते की पाप ओढते. मग परिस्थिती बदलण्यासाठी लढायचे कोणी आणि कशासाठी?

मी नगर जिल्ह्यातल्या एका दलित ख्रिस्ती घरातला. चर्चच्या व्यासपीठावरून हा आक्षेप मी एकदाही ऐकलेला नाही. तो टाळून ईश्वराच्या न्यायाविषयी व दयेविषयी बोलणे मला तरी अप्रामाणिकपणाचे वाटते. म्हणून त्याच्याच उजेडात ही शिकवण तपासावी असे मी योजिले आहे.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) ठाणे घातले. ख्रिस्ती मराठी समाज म्हटला की रेव्हरंड टिळक, पंडिता रमाबाई ही नावे पुढे येतात आणि ती मोठीच आहेत. परंतु खेड्यापाड्यांतल्या उपासनामंदिरांच्या बाकांवर जो समाज बसला तो बहुतेक सारा महार-मांगांचा. दर रविवारी हा समाज पापाच्या कबुलीची प्रार्थना म्हणत आला. आम्ही चुकलो, आम्ही अपराधी आहोत, आमच्यावर दया कर. आता हे चित्र नीट पाहा. ज्यांचे पाणी तोडले, ज्यांच्याकडून वेठ घेतली, ज्यांना येसकरकीच्या भाकरीवर जगविले, ते गुडघे टेकून पाप कबूल करीत आहेत; आणि ज्यांनी हे सारे केले ते त्या मंदिरात नाहीतच! ज्याच्यावर पाप झाले तोच पापी म्हणून उभा, असा हा उफराटा खटला होता.

या शिकवणीची मांडणी साधारण अशी आहे. सर्व माणसांनी पाप केले आहे. देव न्यायी आहे, म्हणून पापाला दंड अटळ आहे. देव दयाळू आहे, म्हणून तो दंड ख्रिस्ताने क्रूसावर आपल्या अंगावर घेतला. जो विश्वास ठेवतो तो सुटतो. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने मूळपापाची कल्पना पक्की केली, आणि १०९८ च्या सुमारास अॅन्सेल्मने क्रूसाचा हिशेब मांडला. अॅन्सेल्मचा काळ युरोपातल्या सरंजामशाहीचा होता. त्याच्या दृष्टीने पाप म्हणजे देवाला द्यावयाचा मान न देणे, आणि ज्याचा मान बुडविला तो जितका थोर तितकी भरपाई मोठी. देव अनंत, म्हणून अपराधही अनंत. माणसाला तो फेडता येत नाही, म्हणून देवानेच माणूस होऊन तो फेडला.

जोहार घालून ज्यांच्या माना वाकल्या त्यांच्या नातवंडांना या हिशेबाची भीती वाटली तर नवल नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही अपमान कोणी कोणाचा केला हे पाहूनच दंड ठरतो. अॅन्सेल्म आणि मनू एक नव्हेत, हे सांगितलेच पाहिजे. अॅन्सेल्मचा देव आपला मान दुबळ्याकडून वसूल करीत नाही, स्वतःच कर्ज फेडतो. परंतु त्याच्या मांडणीत एक जागा रिकामी राहिली. पाप करणारा आहे, देव आहे; ज्याच्या पाठीवर ते पाप उमटले तो माणूस कुठेच नाही.

ही रिकामी जागा बायबलातही एके ठिकाणी दिसते. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला युद्धाच्या तोंडावर उभे करून मारविले. एक्कावन्नावे स्तोत्र परंपरेने दावीदाच्या पश्चात्तापाचे मानले जाते. त्यात तो म्हणतो की आपले पाप केवळ देवाविरुद्ध आहे. मग उरीया कुठे गेला? चर्चमध्ये हे स्तोत्र मोठ्या भक्तीने म्हटले जाते, आणि उरीयाचे नाव कोणी काढीत नाही. मात्र ज्या नाथान संदेष्ट्याने दावीदाला तोंडावर दोषी ठरविले त्याने उरीयाला विसरू दिले नाही. गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट त्याने राजाला सांगितली, आणि तो माणूस तूच, हे त्याच्या पदरात घातले.

म्हणजे बायबलात दोन सूर आहेत, आणि आपल्यापर्यंत बहुधा एकच पोचला. त्याला भाषांतराचाही थोडा हात लागला आहे. हिब्रूतले ‘मिश्पात’ आणि ‘त्सेदाका’ हे शब्द संदेष्ट्यांच्या तोंडी जोडीने येतात. त्यांचा रोख दुबळ्याचा हक्क त्याला परत मिळवून देण्यावर आहे. यांपैकी ‘त्सेदाका’ला आणि नव्या करारातल्या त्याच्या ग्रीक जोडशब्दाला मराठी बायबलात बहुतेक जागी ‘नीतिमत्त्व’ हा शब्द आला. नीतिमत्त्व म्हटले की आपल्यापुढे दारू न पिणारा, खोटे न बोलणारा, दर रविवारी मंदिरात येणारा सज्जन उभा राहतो. हक्काची भूक असलेला माणूस उभा राहत नाही. एका शब्दाने केवढा फरक पडतो पाहा! न्यायाची तहान होती, ती सदाचाराची झाली. आणि ‘राहामीम’ म्हणजे दया हा शब्द ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, हा शब्द येतो. ती दया वरून टाकलेल्या तुकड्यांची नव्हे. पोटच्या गोळ्यासाठी कळवळणाऱ्या बाईची आहे.

इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला आमोस हा तकोवा गावचा गुराखी. तो संदेष्टा किंवा संदेष्ट्याचा पुत्र नव्हता, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. जोड्याच्या किमतीला गरीब विकणाऱ्यांवर तो तुटून पडतो, आणि त्यांचे सण, त्यांची गाणी, त्यांचे यज्ञ देवाला नकोत असे बजावतो. विधवा, अनाथ आणि परका यांच्यासाठी न्यायाचा दिवस भीतीचा नव्हताच. त्या दिवशी त्यांचे गेलेले शेत परत येणार होते. न्याय एका हातात आणि दया दुसऱ्या हातात, अशी जी वाटणी आपल्या प्रवचनांत होते ती पीडिताच्या बाजूने पाहिली की टिकत नाही. त्याच्यासाठी देवाचा न्याय हीच देवाची दया आहे.

आता बाबासाहेबांच्या आक्षेपाकडे वळतो. कर्माचा प्रश्न येशूपुढे जसाच्या तसा आला होता. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्या देशात तो हजारो वर्षे विचारला गेला आणि त्याचे उत्तरही ठरलेले होते. येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्याला दृष्टी देतो. त्याच्या कितीतरी आधी, यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात, बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही असे स्पष्ट सांगितले आहे. मूळपापाची शिकवण मानणारे याला आपली उत्तरे देतात, ती मला ठाऊक आहेत. पण जन्माने मिळालेल्या हलाखीचे खापर जन्मणाऱ्यावर किंवा त्याच्या पूर्वजांवर फोडण्यास या दोन अध्यायांत मुळीच आधार नाही. बाबासाहेबांचा आक्षेप चर्चच्या शिकवणीला लागू पडतो, आणि तो तसाच लागू राहिला पाहिजे. या दोन अध्यायांना तो लागत नाही.

मग पाप करणाऱ्याचे काय? त्याच्यावर दया होते ती कशी? लेवीयाच्या सहाव्या अध्यायात लुबाडणुकीविषयी एक नियम आहे. ज्याने शेजाऱ्याला फसविले, त्याची ठेव किंवा वस्तू दाबली, त्याने ती पूर्ण परत करायची, वर तिचा एकपंचमांश भाग घालायचा, आणि हे मूळ मालकाच्या हाती द्यायचे. मेंढा घेऊन देवापुढे जायचे ते त्यानंतर. क्रम महत्त्वाचा आहे. डोंगरावरच्या प्रवचनातही वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करून यायला सांगितले आहे. पीडिताला ओलांडून देवाकडे जाणारी वाट इथे बंद केलेली आहे.

यरीहोचा जक्कय हा मुख्य जकातदार. रोमी सत्तेसाठी वसुली करून गबर झालेला. येशू उंबराच्या झाडावरून त्याला खाली बोलावतो आणि आपण होऊन त्याच्या घरी उतरतो. लोक कुरकुरतात. हे लोक संकुचित मनाचे होते असे आम्हांला प्रवचनांत सांगण्यात येते. ते मला पटत नाही. ज्यांचे खिसे जक्कयाने कापले तेच ते लोक असणार, आणि त्यांची कुरकुर रास्त होती. जक्कय उभा राहतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे जाहीर करतो. या घराला तारण लाभले, असे येशू म्हणतो ते यानंतर. दया आधी आली, विकत न घेता आली, हे खरे. पण ती आली तशी जक्कयाची तिजोरी उघडली गेली. तिजोरी बंद ठेवून मिळणाऱ्या कृपेला डीट्रिख बॉनहॉफरने १९३७ साली ‘स्वस्त कृपा’ म्हटले. हिटलरविरोधी कटातल्या सहभागाबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फासावर दिले.

हा सारा वाद एका देशाने कायद्याच्या पातळीवर जगून पाहिला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाला बायबलचा आधार देणारे चर्च होते, आणि दोन्ही बाजूंनी समेट करावा असा उपदेश करणारेही होते. १९८५ साली तिथल्या ईश्वरविज्ञांनी ‘कैरोस’ निवेदन काढून न्यायाशिवाय समेटाची भाषा करणे ख्रिस्ती नव्हे, असे बजावले. वर्णभेदी राजवट गेल्यावर १९९५ च्या कायद्याने सत्य व समेट आयोग नेमला गेला. आर्चबिशप डेझमंड टूटू त्याचे अध्यक्ष झाले. ज्याने राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण हकिगत सांगितली त्याला माफी मिळू शकत होती. पश्चात्ताप झाला पाहिजे अशी अट कायद्यात नव्हती. सात हजारांवर अर्ज आले. १९७७ साली पोलिसांच्या कोठडीतल्या मारहाणीनंतर मेलेल्या स्टीव्ह बिकोच्या कुटुंबाने या माफीलाच घटना-न्यायालयात आव्हान दिले; १९९६ साली ते हरले. (पुढे बिकोच्या प्रकरणातल्या पोलिसांना आयोगाने माफी नाकारली, ती गोष्ट वेगळी.) पीडितांना भरपाई मिळाली ती २००३ साली, एकदाच, तीस हजार रँड, आयोगाने सुचविलेल्या रकमेपेक्षा पुष्कळ कमी. टूटूंच्या अंतःकरणाविषयी मला आदर आहे. रक्तपात टळला, सत्य चव्हाट्यावर आले, हेही थोडे नव्हे. परंतु लेवीयाचा क्रम इथे उलटला होता. मेंढा आधी कापला गेला, एकपंचमांश मागे राहिला.

आपल्याकडे तर आयोगही बसला नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद नोंदली की गावातली वजनदार माणसे पीडिताच्या दारी येतात आणि ‘मिटवून घ्या, मन मोठे करा’ म्हणतात. दया मागण्याची ही तऱ्हा मोठी चमत्कारिक आहे, कारण ती धमकीच्या सुरात मागितली जाते. अशा वेळी ख्रिस्ती पाळकाने क्षमेचे वचन काढून दाखविले तर तो कोणाच्या बाजूला उभा राहतो? क्रूसावरून क्षमेची विनवणी निघाली ती खिळे ठोकलेल्या माणसाच्या तोंडून. पिलाताने ती केली नाही, त्याने फक्त हात धुतले. दुसऱ्याच्या जखमेची माफी तिसऱ्याने जाहीर करावी असा अधिकार त्या टेकडीवर कोणालाही दिला गेला नाही.

सर्वांनी पाप केले आहे, या वाक्याचे मग काय करायचे? मी ते टाकून देत नाही. महाराने मांगाला दूर ठेवले, आणि दोघांनीही घरातल्या बाईवर हात उचलला; हे कर्माने झाले नाही, आम्ही केले. तमिळनाडूत चर्चच्या आत जातवार बाके आणि मेल्यावर जातवार दफनभूमी, हे ख्रिस्ती माणसांनी केले. अशा ठिकाणी ते वाक्य आमच्यावर उगारलेच पाहिजे. पण सर्व पापी आहेत यावरून सर्वांचे देणे सारखे आहे, असे निघत नाही. जक्कयाचे देणे वेगळे होते आणि कुरकुरणाऱ्यांचे वेगळे. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या अरविंद निर्मळ यांच्या भाषणापासून दलित ईश्वरविज्ञानाचा आरंभ मानतात. त्या विचाराने पीडिताला देवाच्या न्यायासनापुढे आरोपी म्हणून न आणता फिर्यादी म्हणून आणले, हे मला त्याचे सर्वांत मोठे काम वाटते.

फिर्यादीच्या मनातला राग बायबलाने झाकलेला नाही. योना निनवेला जायला तयार नव्हता. निनवे हे अश्शूरचे नगर, आणि अश्शूरने इस्राएलचे राज्य धुळीला मिळविले होते. अशा नगरावर देवाने दया केली म्हणून योना रागावतो, आणि मरण मागण्यापर्यंत जातो. त्याला चर्चमध्ये आडमुठा म्हणून हसतात. पण निनवेच्या राजाचा हुकूम काय होता तो पाहावा: उपास, गोणपाट, देवाचा धावा, आणि त्याबरोबर प्रत्येकाने आपल्या हातून चाललेला जुलूम सोडावा. हुकूम निघाला तो राजवाड्यातून, खालच्यांनी विनविले म्हणून नव्हे. रागावलेल्या योनाला देव शिक्षा करीत नाही. त्याला एक प्रश्न विचारतो आणि पुस्तक तेथेच थांबते. योनाने काय उत्तर दिले ते त्यात लिहिलेले नाही.