बहात्तराव्या हिश्शातला टायगर मॉथ

प्लास्टिकच्या पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड असली तरी हाताला पातळच लागते. पण मॉडेल १:७२ प्रमाणाचं असेल, तर खऱ्या विमानावर तीच कड सात सेंटिमीटरहून जाड होते. दाराच्या चौकटीएवढी! टायगर मॉथ या ब्रिटिश प्रशिक्षण विमानाच्या हलक्या, लाकूड-कापडाच्या पंखाला अशी कड कधीच नव्हती. एअरफिक्सचा १९५७ सालचा टायगर मॉथचा संच सुधारायला घेतला की पहिल्या दिवसापासून हा बहात्तरचा पाढा डोक्यात चालू ठेवावा लागतो. काय खरवडायचं, काय नव्याने करायचं आणि काय जसंच्या तसं राहू द्यायचं, हे तोच सांगतो.

हे प्रमाण आलं ते इंग्रजी मापांतून. सहा फूट म्हणजे एक इंच, म्हणजे उंच माणूस मॉडेलमध्ये एक इंचाचा. १९३०च्या दशकात स्कायबर्ड्सच्या लाकडी संचांनी ते रूढ केलं आणि १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीच्या ‘पेंग्विन’ मालिकेने प्लास्टिकमध्ये आणलं. ते प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेट होतं. ते वर्षांनुवर्षांत आकसतं, वाकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन आलं आणि तो प्रश्न बराचसा मिटला. साठ-सत्तर वर्षांपूर्वी साच्यातून निघालेले पंख आजही सरळ जुळतात, ते याच कारणाने.

एअरफिक्स ही निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थांनी १९३९ मध्ये लंडनमध्ये काढलेली कंपनी. सुरुवात हवा भरायच्या रबरी खेळण्यांपासून झाली, मग प्लास्टिकचे कंगवे आले. १९५२ मध्ये वूलवर्थ दुकानांसाठी त्यांनी ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा छोटा संच पिशवीत घालून दोन शिलिंगला विकायला काढला आणि पुढचा सगळा धंदा त्या पिशवीवर उभा राहिला. वर घडी घातलेला छापील कागद, आत फ्रेमला लागलेले भाग. शाळकरी मुलाला आपल्या पैशात विमान घेता येईल, अशी ती किंमत होती. टायगर मॉथ आला तो याच स्वस्त मालिकेत.

त्या काळी साचा करताना कारागीर आधी मोठ्या आकाराचा नमुना घडवत आणि पँटोग्राफने तो लहान करून पोलादात कोरत. संगणक नव्हता. जे दिसलं, मोजलं, फोटोत पाहिलं, त्यावरच भिस्त. म्हणून या पिढीच्या संचांत सगळीकडे सारखी चूक सापडत नाही. एखादा वक्र अतिशय नेमका असतो आणि त्याच्याच शेजारी कॉकपिट म्हणजे नुसती पोकळी असते. मला या संचांविषयी जे प्रेम वाटतं त्याचं मूळ इथे आहे: माणसाच्या नजरेने काय टिपलं आणि काय सोडलं, ते त्यात दिसतं. एअरफिक्सने २०१४ मध्ये नव्या साच्यातला उत्तम टायगर मॉथ काढला. सुबक मॉडेल झटपट हवं असेल तर तोच घ्यावा. विमान समजून घ्यायचं असेल तर जुना घ्यावा, कारण तो आपल्याला विमानाकडे परत पाठवतो.

आणि हे विमान परत परत पाहण्यासारखंच आहे. डी हॅविलंडच्या डीएच-८२ चं, म्हणजेच टायगर मॉथचं, पहिलं उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ चं. मूळच्या मॉथ विमानात पुढची बैठक वरच्या पंखातल्या पेट्रोलच्या टाकीखाली, खांबांच्या गराड्यात होती. पॅराशूट बांधलेल्या प्रशिक्षकाला संकटात तिथून बाहेर पडणं अवघड. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. त्याने पंखांची उचल गुरुत्वमध्याच्या पुढे गेली, म्हणून पंख मागे झुकवले. झुकवल्यावर खालच्या पंखाची टोकं जमिनीजवळ आली, म्हणून खालच्या पंखाचा वरचा कल वाढवला. टायगर मॉथचं ते मागे रेललेलं, किंचित विसंगत वाटणारं रूप असं एका माणसाला बाहेर उडी मारता यावी म्हणून घडलं आहे.

मॉडेल करणाऱ्याला ही साखळी माहीत नसेल तर तो दोन्ही पंख समांतर बसवतो आणि तिथेच विमान हातचं जातं. वरच्या आणि खालच्या पंखांचा कल वेगळा असायला हवा. त्यासाठी जाड पुठ्ठा कापून बैठा साचा करावा: आधी खालचा पंख त्यात टेकवून बसवायचा, मग मधले खांब, मग वरचा पंख आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. त्याआधी सगळे भाग पोलादी पट्टीने मोजून घ्यावेत. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ८.९४ मीटर, म्हणजे मॉडेलवर १२४ मिलिमीटर. लांबी ७.२९ मीटर, म्हणजे १०१ मिलिमीटर.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो पंखांच्या पृष्ठभागाला. कापडाचा पंख म्हणजे फासळ्यांमध्ये झोळ पडलेला, अशी समजूत त्या काळच्या साचेकारांची दिसते. प्रत्यक्षात लिननचं कापड डोप या लाखेसारख्या द्रवाचे थर देऊन ताणून घट्ट केलेलं असायचं. त्यात एक सेंटिमीटरचा झोळ धरला तरी मॉडेलवर तो ०.१४ मिलिमीटर होतो, रंगाच्या दोन-तीन थरांत बुजेल इतका. तेव्हा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फासळ्यांचे उंचवटे हळूहळू उतरवायचे. पूर्ण सपाट मात्र करायचं नाही. फासळीवरच्या कापडी पट्टीची खूण तिरप्या उजेडात जेमतेम दिसली पाहिजे. मागची कड आतल्या बाजूने घासावी, बाहेरून घासली तर पंखाचा छेदच बदलतो. फटींत लांबी भरून, प्रायमरचा करडा हात देऊन तपासावं. प्रायमरखाली कुठलाही ओरखडा लपत नाही.

एअलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, टायगर मॉथला फक्त खालच्या पंखांवर असतात. ते सुरीने अलग करून किंचित वर-खाली बसवले आणि कॉकपिटमधली दांडी वर गेलेल्या एअलेरॉनच्या बाजूला झुकवली, तर मॉडेलमध्ये जीव येतो. एक एअलेरॉन वर असेल तर दुसरा खाली हवा. शेपटीचं एलेव्हेटर सैल पडलेलं असेल तर दांडीही पुढे हवी. या गोष्टी जुळवणं मला रंगापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कॉकपिट नव्याने करण्याला पर्याय नाही. टायगर मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि तो आतून उघडा दिसतो. रिकाम्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून ताणला की तार निघते. त्या तारेच्या नळ्या आतल्या भिंतीला चिकटवायच्या. प्लास्टिकच्या पातळ पत्र्याच्या दोन बैठका, दोन उपकरणफलक, दोन दांड्या. प्रशिक्षक पुढे, शिकाऊ मागे, आणि दोघांमध्ये बोलण्याची रबरी नळी. पाच सेंटिमीटर रुंदीचा खांद्याचा पट्टा मॉडेलवर ०.७ मिलिमीटर होतो. मास्किंग टेप धारदार पात्याने कापून तो करता येतो. बाजूची छोटी दारं उघडी ठेवली तर ही सगळी मेहनत नजरेला पडते.

इंजिन उलटं आहे, हे विसरू नये. जिप्सी मेजरचे चारही सिलिंडर क्रँकशाफ्टच्या खाली लोंबतात, त्यामुळे नाक खाली राहतं आणि वैमानिकाला पुढचं दिसतं. लाकडी पंख्याला आधी फिकट पिवळसर रंग द्यावा, तो वाळल्यावर गडद तपकिरी ऑइल कलर राठ ब्रशने ओढावा, म्हणजे लाकडाच्या रेषा उमटतात.

युद्धकाळातल्या ब्रिटिश टायगर मॉथच्या रंगात एक सुंदर बारकावा आहे. पोट पिवळं, वर हिरवा आणि मातकट असे पट्टे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खालच्या पंखाच्या वरच्या बाजूला तेच रंग फिकट छटेत दिलेले असत. वरच्या पंखाची सावली खाली पडते, ती रंगाने भरून काढायची, असा विचार. दोन पंखांच्या विमानालाच ही गरज. मॉडेलवर चार छटा वेगळ्या करून रंगवणं कटकटीचं आहे, तरी ते टाळू नये.

संचातली, पाण्यात भिजवून लावायची चिन्हं बहुधा पिवळी पडलेली असतात. पारदर्शक पिशवीत घालून ती खिडकीच्या काचेला उन्हात लावली की पांढरी होतात. वापरण्यापूर्वी वार्निशचा एक पातळ थर द्यावा, नाही तर पाण्यात पडताच तुकडे होतात. पण आपल्याकडच्या माणसाने भारतीय चिन्हं निवडावीत असं मला वाटतं. स्वातंत्र्याच्या आसपासची आपल्या हवाई दलाची मुलं टायगर मॉथवर शिकली. त्याची जागा पुढे एचटी-२ ने घेतली. १९५१ मध्ये उडालेलं हे देशी विमान हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलं गेलं. कोल्हापूरकडचे घाटगे गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकून आले होते. आपल्या हवाई दलाच्या चिन्हातली १९५० नंतरची वर्तुळं बाहेर केशरी, मध्ये पांढरी, आत हिरवी. वर्तुळकटरने मास्क कापून ती हाताने रंगवता येतात.

तारा जवळजवळ शेवटी. सहा मिलिमीटरची खरी तार मॉडेलवर ०.०८ मिलिमीटर होते, केसाइतकी. जाड दोऱ्याने सगळ्या कामावर पाणी पडतं. रंगापूर्वीच हातड्रिलने पंखांत भोकं पाडून ठेवावीत आणि आता लवचिक बारीक धागा किंवा ताणलेल्या प्लास्टिकची तार फेविक्विकच्या टिपक्याने बसवावी. धडाच्या तळापासून वरच्या पंखाकडे जाणाऱ्या तारा उड्डाणात पंखांची उचल पेलतात. वरच्या मध्यभागातून खालच्या पंखाकडे येणाऱ्या तारा जमिनीवर पंखांचं वजन पेलतात. मी आधी या दुसऱ्या बसवतो, डावी-उजवी आळीपाळीने, म्हणजे एका बाजूच्या ताणाने पंख वाकत नाही. मग चाकं, पुढच्या काचा आणि शेपटीखालची घसरपट्टी. या विमानाला ब्रेक नव्हते आणि शेपटीला चाकही नव्हतं, त्यामुळे ते उभं करायला तळाला काँक्रीट नको, आखूड कापलेलं गवत हवं.