पाऊल नेमकं कुठे पडतं

हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये चालणाऱ्या माणसाच्या एका पावलाला साधारण १२ फ्रेम देतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सेकंदाला दोन पावलं. सकाळी ऑफिसच्या वाटेला लागलेला माणूस याच वेगाने चालतो. गुडघे धरलेल्या आजोबांना २० फ्रेम द्याव्या लागतात, शाळेची घंटा ऐकू आलेल्या मुलाला ८ पुरतात. या कामाला आम्ही ‘वॉक सायकल’ म्हणतो. स्टुडिओत नवीन मुलगा आला की त्याच्यापुढे पहिलं काम हेच येतं, आणि या धंद्यात मुरलेला माणूसही ते कधी डोळे झाकून करत नाही.

लाइटबॉक्सच्या पेग बारवर कागद अडकवून आधी चार चित्रं काढायची. पहिलं कॉन्टॅक्ट: पुढच्या पायाची टाच नुकतीच टेकली आहे, मागच्या पायाचा चवडा अजून जमिनीवर आहे. दुसरं डाऊन: पुढचा गुडघा किंचित वाकून अंगाचा भार घेतो आणि सगळं शरीर खाली बसतं. तिसरं पासिंग: एक पाय खांबासारखा उभा, दुसरा त्याच्या शेजारून पुढे निघालेला. चौथं अप: टाच सुटते, चवडा जमीन मागे ढकलतो, शरीर सगळ्यांत उंच जातं. मग दोन चित्रांमधली चित्रं भरायची. काढता काढता डाव्या हाताच्या बोटांत कागदांच्या कडा धरून ते फडफडवत राहायचं, म्हणजे हालचाल लगेच कळते. मी प्रत्येक कागदावर डोक्याच्या टोकाशी लाल पेन्सिलने एक ठिपका देतो. सगळे ठिपके जोडले की एक बुटकी लाट तयार होते. प्रत्यक्षात माणसाचं डोकं दर पावलाला चार-पाच सेंटिमीटर वरखाली होतं. कागदावर ही लाट सपाट झाली की पाय कितीही सुबक काढलेले असोत, माणसाला वजन राहत नाही.

पळताना गणित उलटं होतं. चालताना एका पायावर उभं असतो तेव्हा शरीर वर असतं. पळताना एक पाय जमिनीवर रोवलेला असतो तेव्हा ते सगळ्यांत खाली असतं आणि दोन्ही पाय हवेत असतात तेव्हा वर. चालण्याच्या सायकलचा वेग नुसता वाढवला की पळणं तयार होतं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं केलं तर घाईघाईने चालणारा माणूस मिळतो, पळणारा मिळत नाही.

एक बारीक गोष्ट मला नेहमी थक्क करते. चालताना हवेतला पाय शरीराखालून पुढे जातो, तेव्हा अंगठा आणि जमीन यांत जेमतेम एक-दीड सेंटिमीटर अंतर उरतं. आपण आयुष्यभर जमिनीला इतकं घासून चालत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच फरशीचा जरासा वर आलेला कोपरा ठेच लावतो. कागदावर पाऊल हौसेने उंच उचललं, तर पात्र चिखलातून चालल्यासारखं दिसतं.

हे सगळं नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. मंडईच्या दाराशी उभं राहून मी तासन्‌तास माणसं पाहतो. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई जाते, तिचं डोकं जवळजवळ एका रेषेत सरकतं, गुडघे सरळ व्हायच्या आत पुन्हा वाकतात, पावलं आखूड पडतात, आणि ती लाट जणू कमरेखालीच जिरते. एवढं दिसतं. पण टाच नेमकी कधी सुटली, दुसरा गुडघा त्या क्षणी किती वाकला होता, हे डोळा सांगत नाही. डोळ्याला चाल कळते, पाय कळत नाहीत. त्यासाठी चित्र थांबवावं लागतं.

ते पहिल्यांदा पद्धतशीर थांबवलं एडवर्ड मायब्रिज या इंग्लंडात जन्मलेल्या छायाचित्रकाराने, जून १८७८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे. रेल्वेसम्राट आणि माजी गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड याला आपल्या शर्यतीच्या घोड्यांची चाल समजून घ्यायची होती. धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, हा प्रश्न होता. त्यावर मोठी पैज लागली होती अशी गोष्ट आजही सांगतात; तिला पुरावा नाही, आणि प्रश्न इतका चांगला आहे की त्याला पैजेची गरजही नाही. धावपट्टीच्या एका बाजूला पांढरी पार्श्वभूमी उभारली, समोरच्या बाजूला १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे ताणले. सॅली गार्डनर नावाची घोडी चौखूर धावत आली, तिच्या अंगाने एकेक दोरा ओढला गेला आणि एकेका कॅमेऱ्याचं शटर पडलं. प्लेट ओल्या रसायनाच्या होत्या, तिथल्या तिथे धुवाव्या लागायच्या. त्यामुळे बोलावलेल्या वार्ताहरांना चित्रं जागच्या जागी पाहता आली.

चारही पाय हवेत होते. पण चित्रकार शतकानुशतकं दाखवत आले होते तसे मात्र नव्हते. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात जेरिकोचं १८२१ सालचं एप्समच्या शर्यतीचं चित्र आहे. त्यातले घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून जमिनीला समांतर उडताहेत. घोडा असा कधीच उडत नाही. भरधाव घोडा हवेत असतो तो पाय पोटाखाली गोळा केलेले असताना. पाय ताणून हवेत जाणं चित्त्याला आणि ग्रेहाउंड कुत्र्याला जमतं. ते एका झेपेच्या चक्रात दोनदा हवेत जातात, एकदा पाय ताणून आणि एकदा गोळा करून.

मायब्रिजने पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम केलं आणि १८८७ मध्ये ७८१ चित्रफलकांचा संग्रह काढला. माणसं चालताहेत, जिने चढताहेत, बादल्या उचलताहेत; घोडे, कुत्रे, उंट, हत्ती, पक्षी जाताहेत. ॲनिमेशन शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने हे फलक गिरवलेले असतात. मीही गिरवले. मात्र काही फलकांवरून सायकल काढायला घेतली की मधेच हालचाल अडखळते, लाल ठिपक्यांची लाट तुटते. छायाचित्रणाच्या इतिहासाच्या अभ्यासक मार्टा ब्राउन यांनी दाखवून दिलं आहे की अनेक फलकांत चित्रांचा क्रम आणि अंतर सारखं नाही. काही जागी चित्रं गाळली, बदलली किंवा नव्याने मांडली आहेत. फलक पाहायला सुंदर झाला, मोजायला खात्रीचा राहिला नाही.

मोजायला बसला तो फ्रान्समधला शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे. योगायोग असा की दोघं १८३० सालीच जन्मले आणि १९०४ च्या मे महिन्यातच, काही दिवसांच्या अंतराने गेले. मारेला अनेक कॅमेरे नको होते. त्याला एकच नजर आणि एकसारखा काळ हवा होता. १८८२ मध्ये त्याने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. पक्ष्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा, की सेकंदात १२ चित्रं मिळायची. पुढे तर त्याने माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे चढवले, हातापायांच्या हाडांच्या रेषेत चकाकत्या पट्ट्या आणि सांध्यांवर ठिपके लावले आणि त्याला काळ्या भिंतीसमोरून चालवलं. एकाच प्लेटवर ठरावीक अंतराने प्रकाश पडत गेला. माणूस उमटलाच नाही. उमटली ती मांडी, पोटरी, दंड यांच्या रेषांची पंख्यासारखी उलगडत गेलेली जाळी. आज सिनेमावाले नटाच्या अंगावर ठिपके लावून मोशन कॅप्चर करतात, ते याच पट्ट्यांचं पुढचं रूप. मला मायब्रिजपेक्षा मारे मोठा वाटतो. मायब्रिजने क्षण थांबवले. मारेने दोन क्षणांमधलं अंतर जपलं, आणि चाल त्या अंतरातच असते.

याचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने दिला. त्याने माणसांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून अंधारात चित्रण केलं. थांबलेल्या चित्रात बघणाऱ्यांना नुसते विखुरलेले ठिपके दिसले. चित्र हललं, आणि माणूस चालतोय हे त्यांनी क्षणात ओळखलं. हातपाय, चेहरा, कपडे काही नसताना!

चौपायांचं कोडं मी बैलांपाशी सोडवलं. ऊसतोडीच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडे भरलेल्या बैलगाड्या कारखान्याच्या वाटेला लागलेल्या असतात. मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमवर लावायचा, बैलाच्या पोटाच्या उंचीला धरायचा आणि गाडी समोरून आडवी जाऊ द्यायची. मग घरी एकेक फ्रेम पुढे सरकवत बघायचं. डावा मागचा पाय टेकतो. त्यानंतर डावा पुढचा. मग उजवा मागचा, मग उजवा पुढचा. गाय, घोडा, कुत्रा, मांजर, सगळ्यांचं सावकाश चालणं या एकाच क्रमाने चालतं.

ओल्या मातीवर आणखी एक गोष्ट दिसते. मागचा खूर त्याच बाजूच्या पुढच्या खुराने उठवलेल्या ठशावर किंवा त्याच्या अगदी जवळ पडतो. म्हणजे मागचा पाय येऊन टेकण्याच्या जरासं आधी पुढच्याला जागा खाली करावी लागते. त्या क्षणाची फ्रेम थांबवली तर डाव्या बाजूचे दोन्ही पाय पोटाखाली जवळ आलेले दिसतात आणि उजव्या बाजूचे फाकलेले. थोड्या वेळाने नेमकं उलट. जमिनीवर कधी तीन पाय असतात, कधी दोन. दर पुढच्या पावलाला मान एकदा वरखाली होते आणि जूही तिच्याबरोबर हलतं.

चित्रांत सर्रास होते ती चूक म्हणजे चालत्या जनावराला दुडकीचे पाय देणं: डावा पुढचा आणि उजवा मागचा जोडीने पुढे. ती घोड्याच्या दुडक्या चालीची जोडी आहे. उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबर टाकतो, म्हणून वर बसलेला माणूस डावीउजवीकडे डुलतो. हत्तीचं तर आणखी वेगळं. जॉन हचिन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी थायलंडमध्ये ४२ हत्तींच्या सांध्यांवर रंगाचे ठिपके देऊन त्यांचं चित्रण केलं आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगातही हत्तीचे चारही पाय एकदम जमीन सोडत नाहीत. पावलांचा क्रमही चालण्याचाच राहतो, फक्त मागचे पाय पळणाऱ्यासारखे लवतात.

हंगेरीच्या गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये चौपायांच्या हजार कलाकृती तपासल्या. गुहांत राहणाऱ्या आदिमानवाच्या चित्रांत पायांची मांडणी ४६.२ टक्के वेळा चुकलेली निघाली, मायब्रिजपूर्वीच्या कलाकारांची ८३.५ टक्के, आणि त्याच्यानंतरच्या कलाकारांची ५७.९ टक्के. शिकार करून जगणाऱ्या माणसाने जनावराचे पाय आपल्यापेक्षा नीट पाहिले होते. याच होर्वाथच्या आधीच्या पाहणीत प्राण्यांच्या शरीररचनेच्या पुस्तकांतली निम्म्याहून अधिक चित्रंही चुकीची ठरली होती.

मायब्रिजला १२ कॅमेरे आणि एका धनाढ्याचा पैसा लागला. आता ते काम खिशातला फोन करतो. त्यामुळे बालमासिकांसाठी, पाठ्यपुस्तकांसाठी, चौकातल्या शिल्पांसाठी चालती जनावरं घडवणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांना एक विनंती आहे. छायाचित्रावरून नक्कल करू नका, मनाने पाय टाकू नका. दारावरून जाणाऱ्या गाईचं, गल्लीतल्या कुत्र्याचं आडवं चित्रण करा, फ्रेम एकेक करून सरकवा आणि मागच्या पायापासून मोजायला सुरुवात करा. एका बाजूचे पाय जवळ आले असतील तेव्हा दुसऱ्या बाजूचे फाकलेले आहेत ना, एवढं पाहून मगच चित्र छपाईला पाठवा.